संस्थानांची चिन्हं काढणारा टेलरसाहेब



ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद या चारही गावांतल्या आपल्या लोकांनी एक गोष्ट लहानपणापासून पाहिलेली आहे. राजवाड्याच्या फाटकावर, जुन्या शाळेच्या कमानीवर, कोर्टाच्या स्टँपपेपरवर, आजोबांच्या काळातल्या एखाद्या सनदेवर एक ढालीसारखी आकृती असते. दोन्ही बाजूंना जनावरं, वर काहीतरी मुकुटासारखं, खाली एक पट्टी आणि त्या पट्टीवर संस्कृत, फारसी नाहीतर हिंदी वाक्य. आपण त्याला 'सरकारी निशाणी' म्हणत मोठे झालो. पण ही निशाणी कोणी काढली, कधी काढली, हे घरात कोणी सांगितलं नाही. मला स्वतःला हे रिटायर झाल्यावर वाचायला मिळालं. मी कॉमर्सचा माणूस, इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. पण सदतीस वर्षं बँकेत सह्या आणि शिक्के तपासण्यात गेली, त्यामुळे हा विषय मला आपलाच वाटला.

या चित्रांमागे एक नाव आहे. रॉबर्ट टेलर. बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधला इंग्रज अधिकारी. कलकत्त्याकडे नोकरी, आणि छंद युरोपातल्या कुलचिन्हांच्या शास्त्राचा. आपल्याकडे जसे काही साहेब फुलपाखरं गोळा करत, काही शिलालेखांचे ठसे घेत, तसा हा ढालींवरच्या चिन्हांमागे लागलेला.

आधी हे शास्त्र काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं नीट लक्षात येईल.

युरोपात साधारण बाराव्या शतकात लढवय्ये सरदार नखशिखांत चिलखत घालू लागले. चेहरा झाकलेला. आपला कोण, शत्रू कोण, हे कळेना. मग ढालीवर ठळक खूण रंगवायची पद्धत पडली. कोणाचा सिंह, कोणाचा गरुड, कोणाचा नुसता आडवा पट्टा. सरदारांपैकी बऱ्याच जणांना लिहिता-वाचता येत नसे, म्हणून तीच खूण त्यांच्या लाखेच्या मोहरेवरही आली. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर ते 'स्पेसिमेन सिग्नेचर कार्ड' होतं. खूण जुळली की माणूस खरा, दस्त खरा. पुढे ही खूण बापाकडून मुलाकडे जाऊ लागली, आणि कोणाची कोणती हे सांगणारे दरबारी जाणकार तयार झाले.

त्यांचे नियमही गमतीचे आहेत. सोनेरी आणि रुपेरी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे दोन 'धातू'. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. लाल जमिनीवर निळा सिंह काढायचा नाही, कारण लांबून तो दिसणार नाही. नियम शोभेसाठी वाटतो, पण आहे रणांगणातला. आपल्या लोकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या मूळ यादीत भगवा नाही.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे हे नव्हतं काय? होतं, पण आपल्या रीतीनं होतं. प्रत्येक मराठा घराण्याचं देवक असतं. कोणाचं कळंब, कोणाचं पंचपल्लव, कोणाचं तलवारीचं पातं, कोणाचं मोराचं पीस. लग्नात देवक बसवल्याशिवाय पुढचं पान हलत नाही, आणि एका देवकात सोयरीक होत नाही. कुळाची खूण म्हणून याहून पक्की व्यवस्था कुठली? शिवाय शिक्का आणि मोर्तब होतं. मजकुराच्या सुरुवातीला शिक्का, शेवटी मोर्तब, म्हणजे मधे कोणी ओळ घुसवू नये. हा हिशेबनिसाचा बंदोबस्त आहे, मला फार आवडतो. पेशव्यांच्या फौजेपुढे जरीपटका होता, दिल्लीच्या बादशहाकडून मिळणारा माही-मरातब म्हणजे सोन्याच्या माशाचा मान होता. राजपुतांकडेही होतं. मेवाडचा सूर्य आणि आमेरचं पंचरंगी निशाण यांबद्दल कर्नल टॉडनं १८२९ ते १८३२ च्या दरम्यान छापलेल्या त्याच्या राजस्थानच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे.

तर टेलरसाहेबाच्या हाती पाटी कोरी नव्हती. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो आहे.

१८६९ साली राणीचा मुलगा ड्यूक ऑफ एडिंबरो हिंदुस्थानात आला, आणि १८७५-७६ च्या थंडीत प्रिन्स ऑफ वेल्स आला. या दोन भेटींच्या निमित्तानं टेलरनं काही राजेलोकांसाठी युरोपी धाटणीची चिन्हं तयार केली. तोवर हा एका अधिकाऱ्याचा छंद होता. मग १८७६ मध्ये लॉर्ड लिटन व्हाइसरॉय म्हणून आला आणि छंदाचं सरकारी काम झालं.

व्हिक्टोरिया राणीनं 'कैसर-ए-हिंद' हा किताब घ्यायचा ठरला होता. त्याची द्वाही फिरवण्यासाठी १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरवायचा होता. लिटन स्वतः कवी. त्याचं मत असं होतं की जसजसं पूर्वेकडे जावं तसतसं कापडाच्या झेंड्याचं वजन वाढत जातं. त्यानं तसं विलायतेला लिहूनही कळवलं. त्याच्या डोक्यात दोन योजना होत्या. एक, हिंदी राजांची प्रिव्ही कौन्सिल. दुसरी, कलकत्त्यात कुलचिन्हांचं कॉलेज, म्हणजे विलायतेसारखी इथेही सरदारांची रीतसर नोंदवही तयार होईल आणि कोणाची पायरी कुठली हे सरकार ठरवील. ही दोन्ही कामं त्याच्या मनासारखी झाली नाहीत. झेंडे मात्र झाले. सुमारे नव्वद राजेरजवाड्यांसाठी चिन्हं काढून द्यायचं काम टेलरकडे आलं, आणि तेही काही महिन्यांत.

विचार करा मंडळी, नव्वद घराणी. प्रत्येकाचा इतिहास वेगळा, देव वेगळा, मुलूख वेगळा. टेलरनं पद्धत ठरवली. घराण्याचा मूळपुरुष कोण मानतात, कुलदैवत कोणतं, इतिहासात कोणता प्रसंग घडला, मुलखात डोंगर आहे की समुद्र आहे, आणि आधीपासून चालत आलेली एखादी खूण आहे का, एवढं पाहायचं आणि त्यातून ढाल भरायची. सूर्यवंशी राजपुतांना सूर्य. पंजाबातल्या शीख संस्थानिकांना रानडुक्कर. काहींना त्यांच्या पवित्र झाडाची फांदी.

पुढे काही संस्थानांच्या चिन्हांखालची ब्रीदवाक्यंही गाजली. मेवाडच्या ढालीच्या एका बाजूला राजपूत आणि दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण घेतलेला भिल्ल उभा असतो. राजाच्या चिन्हात रानातल्या रयतेला बरोबरीची जागा देणारं हे चित्र मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. भावनगरच्या पट्टीवर 'मनुष्ययत्न ईश्वरकृपा'. कच्छच्या पट्टीवर मात्र चक्क इंग्रजीतून धैर्य आणि विश्वास! आपल्या बडोद्याचं तर सर्वांना पाठ आहे, 'जीन घर जीन तख्त'. खोगीर हेच घर आणि खोगीर हेच सिंहासन. दमाजीराव, पिलाजीराव यांच्या घोड्यांच्या टापा त्या चार शब्दांत ऐकू येतात.

ग्वाल्हेरचं सांगायचं तर शिंद्यांचा नाग. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं हे घराणं. लहानपणी मूळपुरुष उन्हात झोपला होता आणि नागानं फणा काढून सावली धरली, ही कथा आमच्या लष्करात प्रत्येक आजीनं सांगितलेली आहे. (लष्कर म्हणजे फौज नव्हे, ग्वाल्हेरचं आमचं गाव, हे बाहेरच्यांसाठी.) तसलीच कथा मल्हारराव होळकरांबद्दलही सांगतात, त्यामुळे इंदूरकर आणि ग्वाल्हेरकर यांच्यात लग्नाच्या पंगतीत वाद होतात, ते असो. शिंद्यांच्या निशाणावर सूर्य आणि नाग आला, ग्वाल्हेर दरबारच्या तांब्याच्या पैशांवरही नाग आला. होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, म्हणजे मार्तंड, म्हणजे पुन्हा सूर्य. त्यांच्या रुपयांवर किरणांचं तोंड असलेला सूर्य पूर्वीपासून होता, आणि अहिल्याबाईंच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचं पान होतं. गायकवाडांच्या नाण्यांवर वाकडी तलवार होती. हैदराबादच्या निजामाच्या पिवळ्या निशाणावर गोल कुलचा, म्हणजे रोटी. पहिल्या निजामाला एका अवलियानं जेवू घातलं, त्यानं सात कुलचे खाल्ले, आणि तुझ्या सात पिढ्या राज्य करतील असा आशीर्वाद मिळाला, अशी त्यामागची कथा.

म्हणजे नाग, सूर्य, तलवार, रोटी हे सगळं आपल्या मातीतलं. टेलरसाहेबानं केलं काय? त्यानं ते युरोपी ढालीत बसवलं, आणि चित्र कसं असावं याचा एक कायमचा साचा दिला. आधी नाण्यावर एक सूर्य, निशाणावर दुसरा, हत्तीच्या झुलीवर तिसरा असा प्रकार चालत असे. आता एक अधिकृत नमुना झाला. बँकेत जसं प्रत्येक शाखेनं आपापलं पत्र आपापल्या ढंगानं लिहायचं बंद होऊन छापील फॉर्म येतो, तसं. सोय होते, आणि काहीतरी जातंही.

कापडाचं काम कोणाकडे गेलं ते ऐका. जॉन लॉकवुड किपलिंग, ज्यांचा मुलगा रुडयार्ड पुढे जगप्रसिद्ध लेखक झाला. हे किपलिंग १८६५ पासून दहा वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते. रुडयार्डचा जन्म तिथलाच, ३० डिसेंबर १८६५ चा. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भिंतीवर जी दगडी चित्रं आहेत ती याच किपलिंगची. १८७५ साली ते लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख म्हणून गेले. दिल्लीच्या या झेंड्यांच्या कामात ते होते आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांचाही भरतकामात हात होता.

झेंडे साटिनचे, पाच फूट बाय पाच फूट, चौकोनी. उभ्या काठीला आडवी काठी आणि तिच्यावरून खाली सोडलेले, रोमन पद्धतीचे. आपलं निशाण वाऱ्यावर फडफडतं, टोकाला दुभंगलेलं असतं, ते घोड्यावर, हत्तीवर पुढे चालतं. हे मात्र पडद्यासारखे लोंबणारे. त्यात काठ्या इतक्या जड की एक झेंडा उचलायला दोन धिप्पाड हायलँडर शिपाई लागत. म्हणजे मिरवणुकीत काढायची सोय नाही. व्हॅल प्रिन्सेप नावाचा चित्रकार दरबाराचं मोठं तैलचित्र काढण्यासाठी नेमला होता. जन्म कलकत्त्याचा, शिक्षण विलायतेचं. त्यानं मंडपाची सजावट पाहिली आणि कपाळाला हात लावला. लाल, निळा, पांढरा, सोनेरी असा इतका भडिमार त्याच्या डोळ्यांना सोसवला नाही, आणि तसं त्यानं आपल्या रोजनिशीत लिहून छापलंही.

आता दरबाराच्या आठवड्याकडे येऊ. २३ डिसेंबर १८७६ ला लिटन आगगाडीनं दिल्लीत उतरला आणि हत्तीवरून मिरवत तळावर गेला. तळावर आणि आसपास मिळून निदान ८४,००० माणसं जमली होती. पुढच्या दिवसांत तो एकेका राजाला आपल्या मोठ्या तंबूत भेटला. समोर राणीचं पूर्णाकृती चित्र. राजा आला की त्याच्या योग्यतेप्रमाणे तोफा, त्याच्या योग्यतेप्रमाणे पावलं पुढे जाऊन स्वागत. मग झेंडा उलगडून दाखवायचा, आणि सांगायचं की हा झेंडा जेव्हा जेव्हा उलगडाल तेव्हा तुमचं घराणं आणि सार्वभौम सत्ता यांच्यातलं नातं आठवा. नंतर गळ्यात सोन्याचं पदक.

हे शब्द नीट पाहा. झेंडा राजाचा, त्यावरचा नाग राजाचा, कुलदैवत राजाचं. पण तो बघून आठवण ठेवायची कोणाची? राणीची. माझ्या मते टेलरच्या चित्रांचं खरं काम हे होतं.

मी बँकवाला, त्यामुळे मला इथे जमा-नावे मांडल्याशिवाय राहवत नाही. आपल्या चार संस्थानांच्या खात्यात त्या दिवशी काय जमा झालं आणि नावे काय पडलेलं होतं, ते पाहू.

ग्वाल्हेर. जयाजीराव शिंद्यांना झेंडा मिळाला, पदक मिळालं, ब्रिटिश फौजेतलं मानाचं जनरलपद मिळालं. नावे बाजू अशी की १८५८ पासून ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. स्वतःच्या राजधानीच्या डोक्यावरचा किल्ला परक्याच्या हातात, आणि हातात साटिनचा नाग. किल्ला परत मिळाला १८८६ मध्ये, आणि तोही झाशी शहराच्या बदल्यात.

इंदूर. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांना झेंडा मिळाला. हा राजा हिशेबाचा पक्का. त्यानं खंडवा-इंदूर रेल्वेसाठी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजानं, मुदत १०१ वर्षं! आमच्या कोणत्याही कर्ज समितीनं एवढी मुदत मंजूर केली नसती. सरकार ऋणको, राजा धनको, आणि तरी तंबूत जाऊन मान तुकवायची ती धनकोनं. राजधानीपासून हाकेच्या अंतरावर महूची छावणी १८१८ च्या मंदसौरच्या तहापासून बसलेली होती, ती वेगळीच.

बडोदे. झेंडा घेतला तेरा वर्षांच्या सयाजीरावांनी. दीड वर्षापूर्वीपर्यंत हा मुलगा नाशिककडच्या कवळाणे गावात होता. १८७५ मध्ये रेसिडेंटवर विषप्रयोगाचा आरोप ठेवून मल्हाररावांना गादीवरून काढलं होतं, त्याच जागी २७ मे १८७५ ला या मुलाचं दत्तकविधान झालं. 'जीन घर जीन तख्त' म्हणणाऱ्या घराण्यात तख्तावर कोण बसणार हे आता कलकत्त्यात ठरत होतं. दिल्लीत या मुलाला 'फर्जंद-ए-खास-ए-दौलत-ए-इंग्लिशिया' असा किताब मिळाला, म्हणजे इंग्रज सरकारचा खास लाडका मुलगा. मुलगा मोठा होऊन काय निघाला ते आपल्याला माहीत आहेच. १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज राजापुढे त्यानं साधाच नमस्कार केला आणि पाठ वळवून चालू लागला, तेव्हा विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं होतं.

हैदराबाद. निजाम महबूब अली खान दहा वर्षांचे, कारभारी सालारजंग. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांकडे गहाण पडल्यासारखं होतं. ते परत मिळावं म्हणून सालारजंग १८७६ मध्ये इंग्लंडला जाऊन आले होते, रिकाम्या हातांनी. वऱ्हाड तर मिळालं नाहीच. १९०२ मध्ये ते वर्षाला २५ लाखांच्या खंडावर कायमचं पट्ट्यानं देऊन टाकावं लागलं. आणि योगायोग बघा, त्याच १९०२ साली टेलरनं काढलेल्या सगळ्या चिन्हांचं पुस्तक कलकत्त्याला छापून प्रसिद्ध झालं, 'द प्रिन्सली आर्मरी'. दरबारातल्या झेंड्यांवरून केलेली चित्रं आणि त्यांची माहिती. साटिन कुजलं, पण पुस्तक राहिलं. आज या विषयावर कोणीही लिहितो तो शेवटी त्या पुस्तकापाशी येतो.

ज्या थंडीत दिल्लीत हे साटिन शिवलं जात होतं, त्याच थंडीत दख्खन आणि मद्रास इलाख्यात १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ चालू होता. सोलापूर, विजापूर, बेळगाव या आपल्या भागांतली माणसं कामाच्या शोधात रस्त्याला लागली होती. म्हणून मला त्या दरबारातला एक मराठी माणूस सगळ्या राजांपेक्षा मोठा वाटतो. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, तिथे गेले होते. अंगावर हातानं कातलेल्या सुताचे पांढरे कपडे. जरतारी पोशाखांच्या समुद्रात हे एक खादीचं धोतर. त्यांनी अतिशय अदबीनं मागणी मांडली की हिंदी रयतेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय आणि सामाजिक दर्जा मिळावा. त्यांच्यासाठी टेलरनं ढाल काढली नव्हती. त्यांची खूण त्यांनी स्वतःच अंगावर घातली होती, आणि पन्नास वर्षांत ती खूण देशाची झाली.

मग टेलरला काय म्हणायचं? मी त्याला दोष देऊन मोकळा होत नाही. तो नोकरमाणूस होता, वरून आलेलं काम त्यानं केलं. आपल्या देवांची, कथांची त्यानं थट्टा केली नाही. जे होतं ते पाहून, विचारून, मांडून ठेवलं. पण त्यानं तयार केलेल्या वस्तूचा मालक तो नव्हता, आणि आपले राजेही नव्हते.

पुढची गंमत अशी की काळाच्या ओघात ती वस्तू आपली झाली. झेंडा दिल्लीहून आला, पण चिन्ह राजवाड्याच्या फाटकावरून हळूहळू गावात उतरलं. ग्वाल्हेरच्या आलीजाह दरबार प्रेसमध्ये माझे आजोबा खिळे जुळवत. गॅझेटच्या माथ्यावर नागाचा ठसा सरळ बसला नाही तर पूर्ण फॉर्म पुन्हा बांधावा लागे, असं ते सांगत. शिपायाच्या पट्ट्यावर पितळी चपरास असे, तिच्यावर तोच नाग. चपरास लावतो तो चपराशी, हे नव्या पिढीला सांगावं लागतं! शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, बँडच्या ढोलावर, दरबारी ताटांवर तो होता. माझे वडील म्हणत, खेड्यातला माणूस कागद वाचू शकत नसे, पण नाग दिसला की कागद सरकारी हे त्याला समजे. म्हणजे बाराव्या शतकातल्या युरोपात ज्या कामासाठी हे शास्त्र जन्मलं, तेच काम भिंड-मुरैन्याच्या वाटेवर चालू होतं.

इंदूरच्या लालबागचं मोठं लोखंडी फाटक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर विलायतेत ओतून आणलेलं. त्यावर होळकरांचं चिन्ह आहे आणि संस्कृत ब्रीद आहे, ज्याचा भावार्थ असा की जो प्रयत्नाला लागतो त्यालाच श्री लाभते, असं उमेश सांगतो. रोज हजारो माणसं त्या रस्त्यानं जातात. मान वर करून वाचणारे किती?

गोव्याची मंडळी म्हणतील आमचं काय? तुमच्याकडे तर हे प्रकरण साडेतीनशे वर्षं आधीचं. २५ नोव्हेंबर १५१० ला, सेंट कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, म्हणून त्या संतिणीचं चाक गोवा शहराच्या चिन्हात गेलं. तिथे आपल्याकडच्या खुणेला ढालीत बसवायचेही कष्ट कोणी घेतले नाहीत, सरळ आपली खूण आणून लावली. जिंकणाऱ्यांच्या दोन तऱ्हा, दुसरं काय.

१९४८ च्या मे महिन्यात ग्वाल्हेर, इंदूर मिळून मध्यभारत झालं, सप्टेंबरात हैदराबाद आलं, १ मे १९४९ ला बडोदे मुंबई इलाख्यात गेलं. २६ जानेवारी १९५० पासून सारनाथचे सिंह देशाची निशाणी झाले. आणि इथे आम्हा इंदूरकरांना एक अभिमानाची गोष्ट आहे. राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितासाठी नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली ज्यांनी ते सिंह रेखाटले, ते दीनानाथ भार्गव बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईचे. तेव्हा ते शांतिनिकेतनात शिकत होते. सिंह खरा उतरावा म्हणून कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत सिंह पाहत बसत. पुढे ते इंदुरात राहिले आणि २०१६ च्या डिसेंबरात इथेच वारले. टेलरनं दुसऱ्यांच्या खुणा तिसऱ्यासाठी काढल्या. भार्गवांनी आपल्या लोकांची खूण आपल्या लोकांसाठी काढली. दोघंही नोंदीत बारीक अक्षरातच राहिले, हे मात्र सारखं.

आता कामाचं बोलतो. आपली घरं दोन-अडीचशे वर्षं या गावांत आहेत. मुलं पुणे, बंगलोर, अमेरिकेत. वाडे विकले जात आहेत, माझ्या ओळखीतच गेल्या पाच वर्षांत चार गेले. माळ्यावरचं सामान भंगारवाला किलोवर नेतो. एका घरातून तीन पितळी चपराशी आणि नागाची मोहर असलेला दौत-लेखणीचा डबा रद्दीबरोबर गेला, मला दुसऱ्या दिवशी कळलं. पितळेचा भाव घरच्यांना मिळाला. पण कोणत्या खात्याची चपरास, कोणाच्या पणजोबांची, कोणत्या साली मिळाली, ही माहिती कोणत्याही भावानं परत येणार नाही.

म्हणून विनंती आहे. घरात असं काही असेल तर विकण्याआधी, वाटण्याआधी फोटो काढा. पुढून आणि मागूनही, कारण बनवणाऱ्याचं नाव, नंबर, साल बहुधा मागे असतं. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. फोटोखाली चार ओळी लिहा, वस्तू कोणाची, कुठल्या गावची, घरात कशी आली. घरातल्या सगळ्यांत वडील माणसाला आजच विचारा, पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. आणि फाटकावरचं ब्रीद वाचून नातवंडांना त्याचा अर्थ सांगा. राज्य गेलं, झेंडे कुजले, तरी सावली धरणारा नाग आणि खोगिरावरचं घर या गोष्टी आपल्या आज्यांनी सांगितल्या म्हणून टेलरला त्या काढता आल्या. त्या पुढे सांगायचं काम कोणत्याही साहेबाचं नाही, आपलंच आहे.

ग्वाल्हेर, बडोदे आणि हैदराबादच्या मंडळींकडून फोटोंची वाट पाहतो. इंदूरचे मी स्वतः काढायला सुरुवात केली आहे, आतापर्यंत एकोणीस झाले.